निळ्या फुलांचा कप

हौसा माझ्याकडे कामाला लागली १९८४ साली, अलोऱ्याच्या कॉलनीत. नवरा मुंबईला, सासू अंथरुणाला खिळलेली, आणि हाताला तीन घरांची धुणीभांडी. जवळच्या वाडीतून सकाळी सातला यायची, ती तरातरा.

तेव्हा आमच्याकडे बंब होता आणि त्याची राख फुकट. पण नव्या संसारात मला राखेची लाज वाटायची. मी मोठ्या शहाणपणाने भांड्यांची पावडर आणून तिच्यापुढे ठेवली. बाकीच्या दोन घरांनी माझंच पाहून आणली. हौसा राखेसारखीच ती पावडर मूठ भरून घ्यायची आणि उघड्या हाताने कढया घासायची. कढई आरशासारखी व्हायची, मी खूश.

दिवाळीला तिची बोटं लाल झाली, माघात तळवे फाटले. शेजारच्या हेमावहिनींनी "लागण झाली तर?" म्हणून तिला काढलं. दुसऱ्या घरानेही काढलं. माझ्याकडचंही काम गेलं असतं तर तिच्या सासूचं औषध बंद झालं असतं. मी तिला ठेवलं, याचा मला केवढा अभिमान! फक्त तिचा निळ्या फुलांचा कप खिडकीत वेगळा ठेवायला लागले. तिने ते पाहिलं.

शिमग्याला तिने पंधरा दिवस सुट्टी घेतली. परतली तेव्हा हात पुष्कळ बरे झाले होते. चौथ्या दिवशी बोटं पुन्हा लाल. तिने पावडरचा डबा माझ्यासमोर आणून ठेवला.

"वैनी, शिमग्याच्या पालखीला घरात पाहुनं किती! समद्यांची भांडी मी राखेनं घासली, हातांना काय झालं नाय. हितं चार मानसांची घासली नि बगा. रोग माझ्यात नाय, ह्या डब्यात हाय."

मी शरमले. रोज डोळ्यांसमोर होतं आणि मला दिसलं नव्हतं. तिला दवाखान्यात घेऊन गेले. डॉक्टरही तेच म्हणाले, हे लागणारं नाही, पावडर बंद करा आणि खोबरेल चोळा.

बंबाची राख परत मोरीत आली. महिन्याभरात तळवे भरून आले. हेमावहिनी स्वतः बोलवायला आल्या.

"येते," हौसा म्हणाली. "पन राख काढून ठेवायची."

त्या गेल्यावर हौसाने चहा टाकला. खिडकीतला कप घासला, त्यात चहा ओतून माझ्यापुढे ठेवला आणि स्वतःसाठी फळीवरचा घेतला. मी त्याच कपातून चहा प्याले. मग तिने दोन्ही कप विसळून फळीवर शेजारी शेजारी ठेवले.