आपनभाऊंची मुलाखत

आपनभाऊंच्या तोंडात 'मी' हा शब्दच नव्हता. ताप आला तरी म्हणायचे, "आज आपल्याले बरं नाही वं, ताई." सगळं 'आपन'! आमच्या नागपुरात तसे बरेच जण बोलतात, पण यांचं जरा जास्तच. त्यामुळे कारखान्यात त्यांचं खरं नाव कुणी घेईना.

हिंगणा रोडवर आमचा व्होल्टेज स्टॅबिलायझरचा कारखाना होता. मी ट्रेसर, म्हणजे दुसऱ्यांच्या पेन्सिलीवर शाई फिरवणारी, ते ड्राफ्ट्समन. कागदोपत्री ड्राफ्ट्समन, बरं का! मोठे डिझायनर सोडून गेल्यापासून प्रत्येक नवं मॉडेल यांच्याच डोक्यातून निघायचं. साहेबांनी वाखाणलं की हे लगेच, "आपन सगळ्यायनं मिळून केलं, साहेब." सगळ्यांनी कसलं डोंबलाचं! आम्ही तेव्हा चहा पीत होतो.

ऐंशीच्या सुमारास सीनिअर डिझायनरची जागा निघाली. वयाच्या अटीत भाऊ कसेबसे बसत होते. ही हुकली की जन्मभर ड्राफ्ट्समनच. वहिनींनी पांढऱ्या शर्टाला कडक इस्त्री करून दिली. मी बजावलं, "भाऊ, आज तरी 'मी' म्हणा. मी केलं, मी!"

ते लाजून हसले. "बकरीवानी वाटते वं, मी मी करनं."

मुलाखत घ्यायला मुंबईहून तिघं आले होते. सगळं इंग्रजीत. आत काय झालं ते भाऊंनी मला नंतर कँटीनमध्ये सांगितलं. नवं मॉडेल कुणी केलं, असं त्यांनी विचारलं. हे म्हणाले, 'वी'. वी म्हणजे कोण? 'वी, सर.' बरं, त्यात तुम्ही स्वतः काय केलंत?

"मंग आपन चूपच झालो. एकट्यानं काय केलं, हे कवा पाह्यलंच नव्हतं ना." चहावर साय धरली, तरी त्यांनी कप उचलला नाही.

असा संताप आला मला! मी मी म्हणणारे तिघं, आणि एवढा साधा माणूस कळू नये? जागा बाहेरच्याला मिळाली. तो माणूस वाईटही नव्हता हो, म्हणजे शिव्या घालायचीही सोय नाही. भाऊ त्याच्या हाताखाली सांगितल्या रेघा ओढत राहिले. स्वतःहून काही काढेनात, कुणाशी बोलेनात. मग निवृत्तीच्या आधीच नोकरी सोडली.

पुढे एकदा मी त्यांच्या घरी गेले. भाऊ भरदुपारी खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडले होते. "दिवसभर असेच राह्यते," वहिनी हळूच म्हणाल्या. काहीतरी चांगलं बोलावं म्हणून मी सांगितलं, "भाऊ, तुमचं मॉडेल अजून खपतंय बरं बाजारात."

"कोनतं?"

"कोणतं काय! माझ्या डोळ्यांदेखत काढलंत की तुम्ही."

ते वळले. मला समजावल्यासारखं म्हणाले, "ते मी नाही केलं, ताई. केलं असतं, त सांगता आलं असतं ना वं?"