शालनबाईंचे हात आणि चार साबण

शालन बाळंतपणाच्या दवाखान्यात आया म्हणून लागली तेव्हा तिला नुकतंच तिसावं लागलं होतं. साल त्र्याहत्तर. नवरा यशवंत गिरणीत होता, सासर मोहोळचं, आणि सोलापुरात दोन खोल्यांचं बिऱ्हाड. काम म्हणजे घाण कपडे उचलायचे, फरशी पुसायची, बाळांना अंघोळ घालायची आणि प्रत्येक कामानंतर हात धुवायचे. नळापाशी ठेवलेला साबण कपड्यांचाच होता, सोड्यानं भरलेली पिवळी वडी. महिन्याभरात तिच्या बोटांच्या पेरांवर चिरा पडल्या. पुढं त्यांतून रक्त यायला लागलं. साबण लागला की हात इतका झोंबायचा की डोळ्यांत पाणी यायचं. मग ती हात नुसते नळाखाली धरून पदराला पुसायला लागली. कुणी विचारलं नाही, तिनंही कुणाला सांगितलं नाही.

मंद्रूपची सावित्रम्मा सुनेच्या बाळंतपणाला येऊन राहिली होती. तिसऱ्या दिवशी शालन बाळाला उचलायला वाकली, तशी म्हातारीनं हात आडवा घातला.

"त्या हातानं शिवू नगं माझ्या नातवाला."

शालन जागच्या जागी ताठ झाली. असलं बोलणं तिनं लहानपणी गावात पाणवठ्यावर ऐकलं होतं. "का, आज्जी? माझी जात बघताय?"

"जात ऱ्हाऊ दे बाजूला," सावित्रम्मा म्हणाली. "हात बघ की तुझा. पू धरलाय. पलीकडच्या खाटेवरच्या पोराच्या अंगावर फोड उठलेत, ते कुटनं आले?"

पलीकडच्या पोराला सकाळी तिनंच अंघोळ घातली होती. तोंडावर कुणी चापट मारावी तसं तिला झालं, पण म्हातारी खोटं बोलत नव्हती. ती तशीच उठली आणि मोठ्या सिस्टरांच्या टेबलासमोर जाऊन उभी राहिली.

"बाई, मी हाताला साबण लावत न्हाय. लई झोंबतो. दोन महिने झाले."

सिस्टरांनी तिचे हात उलटसुलट करून पाहिले. मग त्यांनी बाकीच्या आयांना बोलावून हात दाखवायला सांगितले. पाचजणींपैकी चौघींच्या हातांना चिरा होत्या, आणि चौघींनी माना खाली घातल्या.

"साबण कडक हवा, तरच जंतू मरतात, असं आम्हाला वाटायचं," सिस्टर म्हणाल्या.

"जो साबण आमी लावतच न्हाय, त्यानं काय मरणार, बाई?"

हात बरे होईपर्यंत सिस्टरांनी तिला बाळांपासून दूर ठेवलं. मलम लावत ती धोब्याकडं जाणाऱ्या कपड्यांच्या पावत्या मोजत बसायची आणि मनाशी घोकायची की असा साबण शोधायचा, जो दिवसातून तीस वेळा लावता येईल. कातडी मऊ झाल्यावर ती कामाला लागली. प्रत्येक साबण आठ दिवस. "आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून बघ," सिस्टरांनी बजावलं, "आग झाली तर हाताला लावूच नकोस."

पहिला लाल, दवाखान्याच्या वासाचा. सगळ्यांचा त्याच्यावर विश्वास होता, पण पाचव्या दिवशी बोटं पांढरी पडून पापुद्रे निघाले. दुसरा आठवडी बाजारातला, 'सर्व रोगांवर' म्हणून विकणाऱ्याचा. तो कोपराच्या पुढं गेलाच नाही, तिथंच गांधी उठल्या. तिसरा सुगंधी, त्यानं खाज आली. चौथा होता अंगाला लावायचा साधा साबण, पांढरा, वास जवळजवळ नसलेला. आठ दिवस झाले, पंधरा झाले, तरी हात शाबूत होते. रात्री निजताना ती तळहातांना करडईच्या तेलाचा थेंब चोळायची, तेवढंच.

सामानाची कोठी गुरप्पाच्या ताब्यात होती. तो हा साबण नळावर द्यायला तयार होईना. "अंगाचा साबण नळावर ठेवला तर संध्याकाळपर्यंत कुणाच्या तरी घरी जाईल. आणि वास नाही, तर जंतू मरतात कशावरून?"

दुसऱ्या दिवशी डॉक्टर फेरीला आले तेव्हा शालन वाट अडवून उभी राहिली. तिनं दोन्ही पंजे पुढं केले, शेजारी दुसऱ्या आयेचे चिरलेले पंजे धरले. "डाक्टरसाहेब, ह्यातल्या कुठल्या हातानं बाळ उचलू, सांगा."

डॉक्टरांनी चष्मा वर करून दोन्ही हात पाहिले. "वासात काही नसतं," ते गुरप्पाला म्हणाले. "फेस, चोळणं आणि वाहतं पाणी, ह्यांनीच घाण आणि जंतू निघून जातात. चिरेत मात्र ते घर करतात. हिला हवा तो साबण द्या."

चोरीचा प्रश्न शालननंच सोडवला. वडी दोऱ्यानं कापून तिनं लहान तुकडे केले आणि जुन्या मच्छरदाणीच्या पिशवीत घालून नळाला टांगले. तुकडा निथळून कोरडा राहायचा, बशीतल्यासारखा चिखल व्हायचा नाही. असले तुकडे घरी न्यायचा मोह तर कुणालाच झाला नाही. आयांना तिनं शिकवलं की बांगड्या वर सारा, बोटांच्या बेचक्या चोळा, नखांखाली चोळा, मग सगळा साबण धुऊन काढा आणि स्वच्छ फडक्यानं टिपा. पदर नाही. फडकं रोज उकळायचं. पहिल्या आठवड्यात सगळ्या कुरकुरल्या. दुसऱ्या आठवड्यात आग होत नाही म्हटल्यावर न सांगता धुवायला लागल्या.

त्या उन्हाळ्यात नळाला एक दिवसाआड पाणी यायचं. हात धुण्याला कात्री लावावी असं कुणीतरी सुचवलं. शालननं फरशीचं पाणी कमी केलं, पण हातांसाठी झाकणाचा माठ आणि ओगराळं वेगळं ठेवलं, आणि त्या माठाजवळ दुसऱ्या कामाची बादली येऊ दिली नाही. पावसाळ्यापर्यंत बाळांच्या अंगावरचे फोड जवळजवळ थांबले. सिस्टरांनी वहीतल्या नोंदी पाहिल्या आणि एवढंच म्हणाल्या, "शालनबाई, नव्या मुलींना आता तुम्हीच शिकवा."

पुढं अठ्ठ्याहत्तरपर्यंत त्या दवाखान्यात आलेल्या प्रत्येक नव्या आयेचा पहिला दिवस नळापाशी गेला. एकदा पुण्याहून नवे डॉक्टर आले आणि हात न धुताच पाळण्याकडे निघाले. शालन मध्ये उभी राहिली.

"साहेब, नळ तिकडं हाय."

ते शर्टाच्या बाह्या दुमडत नळाकडे वळले. ती पाळण्याजवळ उभी राहून वाट बघत राहिली.