रोज पाडायच्या भिंती

आमच्या केंद्रामागं फुटक्या विटांचा ढीग आहे. कुणी मुद्दाम रचला नाही, रोज थोडे तुकडे पडत गेले आणि साचला. किश्शांचंही तसंच! चहाला बसलं की कुणीतरी एक काढतो, त्यावरून दुसऱ्याला दुसरा आठवतो, आणि चहा गार होतो.

आधी ओळख करून देतो. देवगाव फाट्याजवळ गवंडीकाम शिकवायचं केंद्र आहे, मी तिथला व्यवस्थापक. जिल्ह्यात बांधकामं भरपूर, पण हात बसलेले गवंडी पुण्याला निघून जातात. म्हणून सरकार आणि इथले बांधकामवाले यांनी मिळून हा संसार थाटला. जागा आणि शेड सरकारची. विटा, वाळू, सिमेंट बांधकामवाल्यांचं. सरकारकडून देशपांडे साहेब, तिकडून चंदूशेठ. मध्ये मी, दोन्हीकडची बोलणी खायला!

*

उद्घाटनाची गंमत ऐका. कोनशिला त्याच सकाळी बसवलेली, मागचं सिमेंट ओलं. साहेबांचं भाषण रंगात आलं आणि कोनशिला हळूहळू खाली सरकायला लागली. आमचे शिकवणारे हमीदभाई, सेलूचे जुने मिस्त्री, गुपचूप पुढं झाले आणि तळहातानं दाबून उभे राहिले. साहेबांचं भाषण झालं, शेठचं झालं, आभारप्रदर्शन झालं. त्यात मंडपवाल्याचेही आभार मानले, हमीदभाईंचे राहिले!

फोटोत साहेब आहेत, शेठ आहेत, आणि कडेला नुसता एक हात आहे. हमीदभाईंनी तो फोटो फ्रेम करून घरी लावलाय. पाहुणा आला की बोट ठेवून दाखवतात, "ये हात अपना हाय!"

*

आमच्याकडं शिकाऊ भिंत चिखलाच्या गाऱ्यात बांधतात आणि संध्याकाळी पाडतात. विटा पुसून उद्या पुन्हा त्याच! नव्या माणसाला हे फार जड जातं. पाथरीचे एक काका पहिल्या संध्याकाळी भिंतीला पाठ लावून बसले, म्हणाले, "रातच्याला ऱ्हाऊ द्या की सायेब, कुनाला काय करायलीय ती?"

त्यात या काकांची पद्धत अशी, की नारळ फोडल्याशिवाय भिंतीला हात लावायचा नाही. रोज नवी भिंत, रोज नवा नारळ! सगळी बॅच खोबरं खाऊन तुकतुकीत झाली. शेठ एकदा बघायला आले आणि विचारते झाले, "इथं सिमेंटपेक्षा खोबरं जास्त लागायलंय का?"

साहेबांना वेगळीच काळजी. "नारळ कोणत्या हेडखाली दाखवायचे?"

*

आता सुमनबाई. वालूरकडच्या. नवरा दगडू मिस्त्री, नावाजलेला गवंडी. लग्न झाल्यापासून या त्याच्या हाताखाली बिगारी. साईटवरची रीत तुम्हाला ठाऊकच असेल. मिस्त्री मागं वळून बघत नाही, हात मागं करून नुसता ओरडतो, "माल!" मागून बाई म्हणते, "आले, मिस्त्री!" आणि गाऱ्याचं घमेलं हजर करते.

पहिल्या दिवशी मी सगळ्यांना विचारलं, इथं कशाला आलात? कुणी रोजगार म्हणालं, कुणी सर्टिफिकेट. सुमनबाई म्हणाल्या, "गावातून जाताना मालक दावतेत, ही भिंत म्या बांधली, ती म्या बांधली. त्या समद्या भिंतींला म्या बी होतेच की! एक तरी भिंत मला दावता यावी."

रजिस्टरात कारणाच्या रकान्यात मी तेच शब्द लिहून घेतले.

*

पण त्यांची एक भलतीच अडचण निघाली. वर्गात आळीपाळीनं मिस्त्री आणि बिगारी व्हायचं असतं. सुमनबाईंची मिस्त्री व्हायची पाळी आली, की गारा संपल्यावर या थापी खाली ठेवणार, स्वतः जाऊन घमेलं भरणार आणि स्वतःच उचलून आणणार. बिगारी बिचारी मागं रिकामी उभी!

"बाई, पुकारो ना! माल बोलो!" हमीदभाई ओरडायचे.

"असं कसं वरडावं, भाईजी? तिला बी हात दुखत असतील की."

बरं, शेजारच्या भिंतीवरून कुणी "माल!" म्हटलं, की यांचे पाय आपोआप निघाले! शेवटी त्यांनीच उपाय काढला. थर सरळ यावा म्हणून ताणलेल्या लाईनदोरीच्या खुंटीला पदराचं टोक बांधलं. थोड्या वेळानं पलीकडून हाक आली, "माल!" सुमनबाई निघाल्या, आणि त्यांच्यामागं खुंटी, दोरी आणि पहिल्या थरातल्या विटाही निघाल्या.

हमीदभाई हसले नाहीत. विटा परत मांडत मला म्हणाले, "हाथ एकदम तयार हाय साब. आवाज नई निकलता."

*

दगडू मिस्त्री रोज संध्याकाळी त्यांना न्यायला मोटारसायकलवर यायचा. रस्त्याकडं तोंड करून बसून राहायचा, आत यायचा नाही. चहाला बोलावलं तर "असू द्या." एकदा मी जवळ गेलो तर आरसा पुसत पुसत विचारलं, "किती थर चढिवले तिनं आज?"

"आत येऊन बघा की!"

"काय बघावं? मी यायच्या आत पाडून मोकळे होता तुमी."

खरंच की! बायको भिंत बांधते हे त्याला कळलं होतं, दिसलं कधीच नव्हतं.

*

केंद्राला कंपाउंड नव्हतं. साहेब म्हणायचे, ते बांधकामवाल्यांकडं. शेठ म्हणायचे, ते सरकारकडं. तोवर शेळ्या खुशाल वर्गात! एक तर हमीदभाईंच्या खुर्चीखालीच बसायची. "सगळ्यात रेग्युलर यही हाय," ते म्हणायचे.

अखेर परीक्षेनं तिढा सोडवला. प्रत्येकानं कंपाउंडचा एकेक तुकडा बांधायचा, पक्क्या सिमेंटमध्ये. तो पाडायचा नाही! जेवणाच्या सुट्टीपर्यंत पूर्ण झाला तर पास, आणि पास झालेल्याला शेठ साईटवर मिस्त्री म्हणून घेणार. राहिलेल्यांनी पुन्हा घमेलं उचलायचं. साहेब ओळंबा लावून बघणार, शेठ घड्याळ. शेठनी वाटणीच करून टाकली, "सरळ भिंत सरकारला, लवकर भिंत मला!"

बिगारी ज्याचा त्यानं आणायचा होता. कुणी भाऊ आणला, कुणी जाऊ. सुमनबाई एकट्याच आल्या.

"मालकाला नाही का विचारलं?" मी म्हणालो.

"कसं विचारावं?" एवढंच बोलून त्यांनी घमेलं उचललं.

*

ऊन चढलं. बाकीच्यांचे तुकडे होत आले. सुमनबाईंची भिंत ओळंब्याला सरळसोट, साहेबांनी मान डोलावली. पण दर वेळी थापी ठेवायची, गाऱ्याच्या ढिगाकडं जायचं, भरायचं, आणायचं. शेवटचा थर उरला, घमेलं रिकामं, आणि शेठ घड्याळाकडं बघायला लागले.

दगडू मिस्त्री त्या दिवशी लवकर आलेला. नेहमीसारखाच मोटारसायकलवर, पण तोंड आमच्याकडं. कंपाउंड नसल्यानं त्याला सगळं दिसत होतं.

सुमनबाईंनी वीट हातात घेतली. ढिगाकडं जायला एक पाऊल टाकलं आणि थांबल्या. पुन्हा भिंतीकडं वळल्या. मागं न बघता डावा हात मागं केला.

"माल!"

फाट्यावरच्या हॉटेलातली माणसंही वळली, एवढ्या जोरात! साहेब खुर्चीतून अर्धे उठले. शेठनी साहेबांकडं बघितलं. मागं कुणीच नव्हतं. हात तसाच.

बाहेर मोटारसायकल स्टँडवर लागल्याचा आवाज झाला. दगडू मिस्त्री आत आला. चपला ढिगाजवळ काढल्या, घमेलं काठोकाठ भरलं आणि डोक्यावर घेतलं.

"आलो, मिस्त्री!"