कुटुंबप्रमुख कोण?

सिन्नरहून नाशिकला समाजशास्त्रात एम.ए. करायला आले, तेव्हा माझा बेत पक्का होता. स्पर्धा परीक्षेला हा विषय सोपा जातो असं ऐकलं होतं. दोन वर्षांत पदवी, मग सरकारी अधिकारी.

दुसऱ्या वर्षी आमच्या मार्गदर्शक मॅडमनी प्रकल्पासाठी मला दिंडोरीच्या एका द्राक्षबागेत पाठवलं. पेठच्या डोंगरातून हंगामाला येणाऱ्या मजूर बायकांच्या मुलाखती घ्यायच्या होत्या. पन्नाशीच्या एक मावशी घडातले जादा मणी कात्रीनं काढत होत्या. मी त्यांच्याजवळ बसून छापील प्रश्नावली काढली.

"मावशी, कुटुंबप्रमुख कोण?"

कात्री थांबली नाही. "इथला सांगू का गावचा?"

"दोन्हीकडे वेगळे?"

"गावात सासरा. रेशन कार्डावर त्याचंच नाव. इथं आमची बारा जणांची टोळी हाय. कुणाच्या बागेत जायचं, कुणी कधी घरी जायचं, ते मी ठरवते. नवरा बी मलाच विचारतो."

फॉर्मवर जागा एकाच नावाची होती. मी तो रकाना कोराच सोडला. मग त्यांनीच विचारलं, "तू शिकून काय होशील?"

"अधिकारी."

"मग आमच्याकडं येशील, का आम्हाला बोलावून घेशील?"

त्यांनी एक कात्री माझ्या हातात दिली. दिवसभर मी सवय नसलेल्या हातानं मणी काढत राहिले आणि त्या न विचारता कितीतरी सांगत राहिल्या.

फॉर्म फसला, हे मॅडमना घाबरतच सांगितलं. त्या हसल्या. "प्रश्न चुकलाय हे तुला कसं कळलं, तेच लिही." माझा सगळा प्रबंध त्या एका रकान्यावर झाला. स्पर्धा परीक्षेचा अर्जही भरला होता, पण पेपरच्या दिवशी मी पेठच्या एका पाड्यावर होते, आणि त्याची हळहळ वाटली नाही याचं मलाच नवल वाटलं.

आता मी स्थलांतरित मजुरांच्या मुलांच्या शिक्षणासाठी काम करणाऱ्या एका संस्थेत आहे. सर्वेक्षणाचे प्रश्न तयार करते, पण छापण्याआधी ते मजुरांनाच वाचून दाखवते. निम्मे तरी बदलावे लागतात.

माझे वडील एका कारखान्यात फिटर आहेत. माझं काम नातेवाइकांना समजावताना त्यांची पंचाईत होते. मागच्या रविवारी मात्र जेवता जेवता अचानक म्हणाले, "आमच्या कंत्राटी कामगारांना कुणी असं विचारतं का गं?"

"काय विचारायला हवं त्यांना?" मी म्हटलं.

हात वाळेपर्यंत ते बोलत होते.