वसंताच्या साहेबाच्या माश्या

आमच्या नानांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, आयुष्यात एकही मासा खाल्ला नाही. तरी माशांपायी त्यांनी माझं जेवढं डोकं खाल्लं, तेवढं कुणीच खाल्लं नाही. आज इतकी वर्षं झाली, पण आठवलं की अजून संताप होतो!

धाकटा भाऊ वसंता लष्करात, तिकडे कुलूकडे. साखरपुड्यासाठी धरणगावला आला तो तोंड पाडूनच. त्याचा साहेब ट्राउट नावाच्या माशासाठी वेडा, आणि गळाला लावायच्या त्याच्या विलायती माश्या संपलेल्या. (खऱ्या नव्हेत हो! आकड्यावर दोरा आणि पिसं गुंडाळून केलेले नकली किडे.) "आधी माश्या आण, मग लग्नाची सुट्टी माग," असं त्यानं बजावलेलं. इकडे पारोळ्याचे व्याही सांगून बसलेले, ही तिथी चुकली तर मुलगी दुसरीकडे देऊ!

"हात्तिच्या! त्यात काय आहे!" मी म्हणालो. मी शाळेत हस्तकला शिकवायचो ना! (माझं हे वाक्य ऐकलं की बायको घरातल्या वस्तू लपवायला लागते.)

वसंतानं नमुना दाखवला. नदीच्या तळाशी सरपटणारा किडा. तो बुडावा म्हणून पोटात शिसं. मी गिरणा नदीवर मासे धरणाऱ्या भोयांकडून जाळ्याचं शिसं आणलं, ठोकून बारीक तार केली, आकड्यावर गुंडाळली आणि वरून मोरपिसाचे तंतू वळले.

"अहो, देव्हाऱ्यातलं मोरपीस कुठंय?"

"वसंताच्या लग्नाच्या कामी आलं!"

"आणि माझी लोकर?"

"तीपण!"

"देवाला बोडकं केलंत हो!" बायको कडाडली. मी तिच्या दुप्पट कडाडलो. बोटांची चाळण झालेली, डोळे चुरचुरताहेत आणि वर ही कटकट!

तेवढ्यात नाना आले. नाना कापसाचे व्यापारी. कापसाच्या ओझ्यात दगड लपवणाऱ्याची त्यांनी भर बाजारात अब्रू काढलेली. त्यांनी एक माशी तळहातावर तोलली.

"हाई इतली जड काबर शे?"

"आत शिसं आहे, नाना. बाहेरून दिसत नाही."

झालं! नाना लालबुंद! "आतमा शिसं, वर पिसं? मन्हा घरमा खोटं वजन चालाव नही!"

"अहो नाना, ते मासे आहेत! गिऱ्हाईक नाहीत!"

"मासा शे म्हनीसन काय फसाडानं?"

(अख्खी माशीच खोटी होती, त्याचं त्यांना काही नव्हतं. वजन तेवढं खरं हवं!)

दुपारी मी वसंताला गाडीवर सोडायला टांगा शोधायला गेलो, तो मिळेस्तोवर संध्याकाळ झाली. परत येतो तर माश्यांचा डबा सुतळीनं बांधून तयार, आणि नाना चक्क हसताहेत! मला मेल्याला तेव्हाही कळलं नाही. वसंता गाडीत बसून गेला, आणि दुसऱ्या दिवशी नानांच्या पानाच्या डब्यात मला शिशाच्या तारा सापडल्या.

"नाना! हे काय केलंत?"

"बठ्ठं शिसं काढी टाकं. चोख कापूस भरी दिधा."

मी घर डोक्यावर घेतलं. "पोटच्या पोराचं लग्न मोडलंत!" म्हणून ओरडलो. त्यानंतर लग्नापर्यंत आमचं बोलणं बंद. "तुझ्या सासऱ्यांना चहा दे," इतकंच मी बायकोला मोठ्यानं सांगायचो.

हळदीच्या दिवशी ट्रंक घेऊन वसंता दारात हजर!

"दादा, साहेब बेहद्द खूश! मासे सध्या पाण्यावरचेच किडे टिपताहेत, आणि तुझ्या माश्या कशा मस्त तरंगतात! सुट्टी वाढवून दिली!"

नानांनी मिशीवरून हात फिरवला. "चोख मालनं गिऱ्हाईक परत जास का?"

वसंतानं खिशातून कागदाची पुडी काढली.

"ही एकच साहेबानं परत दिलीय. म्हणाला, भावाला सांग, ही बिघडलीय. पाण्यात टाकली की सरळ तळाला जाते!"

डबाभर माश्यांत नानांच्या हातून सुटलेली, म्हणजे खरी माझी अशी, ती एकटीच होती!