वाट विचारणारा टेम्पोवाला

आमच्या कंपनीच्या गेटबाहेर टेम्पो लावून तो भाड्याची वाट बघत बसायचा. जन्म कोरेगाव भीमातला, त्यामुळं गावातला बोळ न् बोळ त्याला पाठ. काहीही सांगितलं की आधी "बघू की" म्हणायचा. काम मात्र करायचा.

आईला राहू गावातल्या जुन्या घरातून कोरेगावला आणायचं ठरलं, तेव्हा त्यालाच घेऊन गेलो. सामान भरून झालं तरी आई तुळशीची कुंडी मांडीवर घेऊन ओट्यावरच बसलेली. माझ्या हाकांनी ती हलेना. तो जवळ गेला.

"मावशी, म्होरं बसा. मला तुमचं नवं घर ठाव न्हाई."

मी चमकलो. ते भाड्याचं घर त्यानंच मला बघून दिलं होतं. आई तिथं एकदाच येऊन गेलेली.

कोरेगावात शिरल्यावर तो प्रत्येक वळणाला थांबायचा. "आता कुठं, मावशी?"

आई आठवून आठवून हात दाखवायची. गिरणीपाशी तर तिनं त्याला दरडावलंच. "आरं, डावीकडं घे की!"

दारात शेजारीण पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती. आई तिला म्हणाली, "ड्रायव्हरला काय बी ठाव न्हाई बघ. मीच आणलं समद्यांला."

शेजारणीला हसू फुटणार, तोच त्यानं तिला डोळ्यांनी दटावलं. मग ट्रंक खांद्यावर घेऊन दाराबाहेरच थांबला.

"मावशी, ही कुठं ठिवू?"

ते दाखवायला आई सगळ्यांच्या आधी घरात शिरली.