सवच्या गरम पाण्यातल्या वीस फेऱ्या

हे मी घरात यांनाही सांगितलेलं नाही. धोंडूदादांना तर नाहीच — आणि सांगायचं होतं ते त्यांनाच.

महाडात माझी ओळख शिस्तीची बाई अशी. सकाळी कामांची यादी करायची, एकेक झालं की खूण करायची. चांगलीच सवय, नाही का? मलाही तसंच वाटायचं.

धोंडूदादा पोलादपूरच्या वरच्या वाडीतले. म्हशी पाळायचे, आम्हाला तूप आणून द्यायचे. त्यांनी रानडुकरावर फेकलेला दांडा त्यांच्याच कुत्र्याच्या, वाघ्याच्या, कमरेत बसला. मागचे पाय लुळे पडले. गुरांच्या डॉक्टरांनी रोज पोहवायला सांगितलं. पण डोंगरावर तेवढं पाणी कुठलं? पौषात दादा त्याला खांद्यावर घालून आमच्याकडे आले.

"वैनी, याला जपा. हा नाय तर वाघरू एक पारडू ठेवायचं नाय. आन् खायला जास्त घालू नका, मंग माझ्याकडं परत येयाचा नाय!"

डॉक्टरांनी सांगितलेलं मी नीट लिहून घेतलं होतं. नदीचं पाणी गार, त्यात पाय आखडतील. महाडजवळच्या सव गावच्या कुंडांचं गरम पाणीही नको — कुत्र्याला आपल्यासारखा घाम येत नाही, तो धापा टाकूनच अंग निववतो. कुंडाचा ओघळ सावित्री नदीला मिळतो तिथल्या कोमट पाण्यात वीस फेऱ्या. धाप लागली की लगेच बाहेर.

हे सगळं लिहिलेलं होतं. माहीत नव्हतं असं मी म्हणू शकत नाही.

अठरा दिवस नीट गेले. वाघ्या उभा राहू लागला. एकोणिसाव्या दिवशी घरी भाताच्या झोडणीची माणसं जेवायला होती, मला घाई होती. वाटलं — गुडघे धरलेली माणसं लांबून येऊन या गरम पाण्यात बसतात. मग कुत्र्यालाही गुण लवकर येईल, दोन-चार खेपा वाचतील. मी त्याला कुंडाशेजारच्या गरम डबक्यात सोडलं.

आधी छान पोहला. मग जीभ लोंबली. तो काठाला आला — मी ढकलला. पुन्हा आला, पुन्हा ढकलला. चौदा झाल्या होत्या. तिसऱ्यांदा त्याने पुढचे दोन्ही पाय माझ्या मनगटावर ठेवले.

"अजून सहा," मी म्हणाले. आणि त्याचे पाय सोडवले.

सतराव्या फेरीला त्याची मान पाण्यात गेली. बाहेर ओढला, तर धाप थांबेना आणि श्वास पुरेना. दुपार व्हायच्या आत संपला.

दादा चौथ्या दिवशी आले. पडवीत बसले. पाणीसुद्धा घेतलं नाही.

"माझाच दांडा, वैनी. आतून कायतरी तुटलं असल, नाय? त्यानंच गेला ना?"

मी काय सांगायला हवं होतं, ते मला तेव्हाही ठाऊक होतं.

"असेल," मी म्हणाले.

त्या वर्षी वाघराने त्यांची दोन पारडी नेली. पुढे यांनी त्यांना एक पिल्लू देऊ केलं — काळं, चांगलं गुबगुबीत. दादांनी हात मागे घेतले.

"नको, भाऊ. माझ्या हातानं कुत्रा मेलाय."

मी तिथेच होते. चहा गाळत होते. गाळत राहिले.